बी धरण्याजोगा टोमॅटो
घरच्या बागेसाठी वाण कसे निवडावे?



मोतमावलीची जत्रा आटोपली, पावसाचा जोर ओसरला की मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "फादर, यंदा कोणता टोमॅटो लावू?" कुणाची दोन गुंठ्यांची वाडी उरलेली असते, कुणाच्या अंगणात चार वाफे असतात, तर कुणी इमारतीच्या गच्चीवर कुंड्या मांडलेल्या असतात. धर्मग्रामातल्या बागेत मी स्वतः माती चिवडत असतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नात एक नवा शब्द आला आहे, 'एअरलूम'. मुलांनी मोबाईलवर काळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे टोमॅटो पाहिलेले असतात. मग मोजक्या बियांचे पाकीट पुष्कळ पैसे देऊन मागवले जाते. डिसेंबरात रोपे छातीएवढी होतात, पण फळ धरत नाही, आणि फेब्रुवारीत तोच माणूस पायरीवर उभा राहून म्हणतो, "फादर, फसलो!" म्हणून यंदा बी पेरण्याआधीच हा छोटा पाठ लिहायचे ठरवले.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

माझ्या आईकडे एक टोमॅटो होता. लहान, चपटा, भोपळ्यासारख्या खाचा असलेला आणि चांगलाच आंबट. घरात त्याला नाव नव्हते, नुसता 'आपला टोमॅटो'. आजी मात्र त्याला जुन्या मराठी शब्दाने बेलवांगी म्हणायची. दरवर्षी आई सर्वांत चांगल्या झाडावरची दोन-तीन फळे पिकू द्यायची, त्यांचे बी राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवायची. माझी गुरुदीक्षा झाल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी शहरातून संकरित बियाण्याचे एक पाकीट तिच्यासाठी नेले. पीक असे आले की शेजारी बघायला आले! एकसारखी, लालबुंद, कडक फळे. आईने आनंदाने त्याच फळांचे बी धरले आणि पुढच्या वर्षी तेच लावले. जुनी बरणी तिने धुऊन टाकली.

त्या दुसऱ्या वर्षी वाफ्यात जे उगवले ते पाहून आम्ही दोघेही गप्प झालो. एक झाड बुटके, एक मंडपावर चढणारे. एकाचे फळ गोल, दुसऱ्याचे लांबट, तिसऱ्याला फळच नाही. पाकिटातला टोमॅटो परत आला नाही, आणि 'आपला टोमॅटो' तर आम्ही आधीच घालवून बसलो होतो.

असे का झाले? हे समजले की वाण निवडण्याचा निम्मा पाठ झाला.

१. वारशाचे वाण आणि संकरित वाण

घराण्यातून पिढ्यानुपिढ्या चालत आलेली वस्तू, म्हणजे आजीची पाटली किंवा आजोबांचे घड्याळ, तिला इंग्रजीत 'एअरलूम' म्हणतात. टोमॅटोला हा शब्द लावला की अर्थ होतो वारशाचे वाण: जे अनेक वर्षे कुणी ना कुणी बी धरून सांभाळले आहे आणि ज्याचे बी पेरले की पुन्हा तसेच झाड येते. काही जण पन्नास वर्षांची अट घालतात, काही जण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे वाण असावे असे म्हणतात. यावर एकमत नाही. पण दुसरी अट सर्वांना मान्य आहे: बी पेरले की आईबापांसारखे पोर यायला हवे.

टोमॅटोच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण त्याच्या फुलाची रचनाच तशी असते. पुंकेसर एकत्र जुळून छोट्या सुळक्यासारखी नळी होते आणि स्त्रीकेसर बहुधा तिच्या आत असतो. त्यामुळे फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते. वाऱ्याने किंवा माशीने फांदी हलली तरी पुरते.

संकरित, म्हणजे पाकिटावर 'हायब्रिड' किंवा 'एफ-१' लिहिलेले बी वेगळ्या रीतीने तयार होते. दोन वेगवेगळी, ठरावीक वाणे निवडून एकाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर हाताने लावतात. त्यातून येणारी पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. पण तिचे बी धरले की पुढच्या पिढीत दोन्ही घराण्यांचे गुण सुटे होऊन वाटेल तसे वाटले जातात.

हा नियम शोधून काढला तो एका धर्मगुरूने. ऑगस्टिनियन संघाचे फादर ग्रेगोर मेंडेल यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा त्यांनी एकमेकांशी जुळवला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्याच झाडांच्या पुढच्या पिढीत त्यांनी ७,३२४ दाणे मोजले: ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. लपलेला गुण पुन्हा वर आला होता. १८६६ साली त्यांचा निबंध छापला गेला. त्यांच्या हयातीत त्याचे महत्त्व कुणाच्या फारसे ध्यानात आले नाही. ते १८८४ साली वारले आणि १९०० साली जगाला त्यांची आठवण झाली.

माझ्या आईच्या वाफ्यात जे घडले ते नेमके हेच. वाटाण्यात एक गुण होता, टोमॅटोत अनेक गुण एकाच वेळी सुटे झाले.

२. दूर देशातल्या दोन गोष्टी

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. त्याला माणसाळवले ते मेक्सिकोतल्या लोकांनी, आणि आपण वापरतो तो शब्दही त्यांच्या नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल'वरून आला. तिथून तो स्पेनमार्गे युरोपात गेला. हिंदुस्थानात तो पोर्तुगीजांबरोबर आला असे मानले जाते. म्हणजे 'गावठी' टोमॅटोही मुळात पाहुणाच. ज्याचे बी कुणीतरी इथल्या मातीत वर्षानुवर्षे धरले तो गावठी झाला.

जुनी वाणे जपण्याच्या चळवळीला नाव मिळाले ते अमेरिकेत, म्हणून तिथल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट एका नातीची. आयोवा राज्यातील एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपली नात डायन ऑट व्हिली हिला मरणाआधी दोन वाणांचे बी दिले, एक फुलवेलीचे आणि एक मोठ्या गुलाबी टोमॅटोचे. त्या टोमॅटोचे नाव 'जर्मन पिंक'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराण्यातले पूर्वज बव्हेरियातून अमेरिकेत आले, तेव्हा त्यांनी ते बी बरोबर आणले होते. आजोबा गेले आणि नातीच्या लक्षात आले की आता हे बी जगात टिकणार की नाही ते तिच्या मुठीवर आहे. १९७५ साली तिने आणि तिचे पती केंट व्हिली यांनी बी जपणाऱ्या लोकांना एकमेकांशी जोडायला सुरुवात केली. त्यातूनच 'सीड सेव्हर्स एक्सचेंज' ही संस्था उभी राहिली.

दुसरी गोष्ट वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील लोगन गावच्या एका गॅरेजवाल्याची. एम. सी. बाइल्स हे मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करत. मंदीच्या काळात डोक्यावर घराचे कर्ज होते. त्यांनी मोठ्या फळांचे एक झाड मध्ये लावले, सभोवती इतर टोमॅटो लावले, त्यांचा पराग हाताने मधल्या झाडावर घातला आणि काही वर्षे निवड करत करत स्वतःचे वाण तयार केले. एका रोपाला एक डॉलर घेऊन त्यांनी रोपे विकली आणि सहा वर्षांत सहा हजार डॉलरचे कर्ज फेडले, असे ते सांगत. त्या वाणाचे नाव 'मॉर्गेज लिफ्टर' म्हणजे 'गहाण सोडवणारा' पडले आणि ते आजही लावले जाते.

दोन्ही गोष्टींत विद्यापीठ नाही, कंपनी नाही. एक आजोबा आणि एक गॅरेजवाला आहे. वाण टिकले ते घरातल्या कुणीतरी दरवर्षी बी धरले म्हणून.

३. जुने ते सोने?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना थिसियसच्या जहाजाचे कोडे आमच्यासमोर ठेवले होते. जहाजाची एकेक फळी बदलत गेली आणि अखेर एकही जुनी फळी उरली नाही, तर जहाज तेच का? वारशाच्या टोमॅटोची गोष्ट अशीच आहे. झाड दरवर्षी मरते आणि दरवर्षी नवे असते. तरीही आपण म्हणतो, हा आजोबांचा टोमॅटो. तो 'तोच' राहतो, कारण दरवर्षी कुणीतरी पारखून फळ निवडते. ही पारख थांबली की नाव राहते आणि वाण जाते.

म्हणून जुने आहे एवढ्यावरून काही चांगले ठरत नाही. 'ग्रीन झेब्रा' हा हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा टोमॅटो वारशाचा म्हणून विकला जातो. तो टॉम वॅगनर या पैदासकाराने १९८३ साली लोकांसमोर आणला. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच्याहून वयाने मोठे आहेत! तरी त्याचे बी धरता येते आणि पुन्हा तसेच झाड येते, हे खरे.

संकरित बियाण्यालाही नावे ठेवू नयेत. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेट भरून पाठवणाऱ्या शेतकऱ्याला एकसारखे, जाड सालीचे, प्रवासात न फुटणारे, रोगाला तोंड देणारे फळ हवे असते. त्याचे घर त्यावर चालते. आपल्याला मात्र चार घरांपुरते फळ हवे आहे. त्याला टोमॅटो विकायचा आहे, आपल्याला खायचा आहे. गरज वेगळी असली की निवडही वेगळी होते.

चवीबद्दल एक मजेची गोष्ट आहे. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाला देठाशी गडद हिरवे खांदे असतात. बाजाराला सगळे फळ एकसारखे लाल होणारे हवे होते, म्हणून हे खांदे नसलेली झाडे कित्येक दशके निवडली गेली. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की या निवडीत कच्च्या फळातले हरितद्रव्य वाढवणारे एक जनुक निकामी झाले होते, आणि त्यामुळे फळातली साखरही कमी झाली. म्हणून घरच्या फळाच्या हिरव्या खांद्याला खोड समजू नका. मात्र कडक उन्हानेही खांदे पिवळे, कडक होतात. तो वाणाचा गुण नव्हे, तेव्हा झाडाला थोडी सावली द्या.

४. निवडण्याआधी चार प्रश्न

पहिला प्रश्न: याचे बी पुन्हा तसेच येईल का?
पाकिटावर 'एफ-१' किंवा 'संकरित' असे लिहिलेले असेल, तर ते एका हंगामापुरते आहे असे समजा. 'सुधारित', 'सरळ वाण' किंवा 'खुले परागीकरण' असे असेल, तर बी धरता येईल.

दुसरा प्रश्न: आपल्या हवेत फळ धरेल का?
टोमॅटोला दिवसा ऊन हवे, पण रात्री गारवा हवा. रात्रीचे तापमान पंधरा ते वीस अंशांच्या आसपास असले की फळधारणा चांगली होते. रात्री उबदार राहिल्या किंवा दिवसाचा पारा पस्तिशीकडे गेला की पराग निकामी होतो आणि फुले गळतात. वसईच्या किनारपट्टीवर असा गारवा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीपर्यंतच मिळतो. जे वाण लागवडीनंतर तीन महिने फळ पिकवत नाही, त्याचा बहर उन्हाळ्यात सापडतो. पायरीवर 'फसलो' म्हणणाऱ्या मंडळींचे बहुधा हेच झालेले असते.

तिसरा प्रश्न: आपल्या मातीतला मर रोग सोसेल का?
हिरवेगार झाड दोन-चार दिवसांत पाने न पिवळावता कोमेजले, तर जिवाणूजन्य मर असण्याची शक्यता मोठी. उबदार, दमट किनाऱ्यावर हा रोग फार. एक सोपी परीक्षा आहे. खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात लोंबत ठेवा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला, तर हा रोग आहेच. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट काढा आणि त्या जागी निदान दोन-तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा लावू नका. ही चौघे एकाच कुळातली आहेत.

चौथा प्रश्न: घरात कशासाठी हवा?
सारासाठी आणि सुकटात टाकायला आंबट, रसाळ फळ हवे. कोशिंबिरीला गोडसर, घट्ट गराचे बरे. वर्षभराचा सॉस करायचा असेल, तर लांबट, कमी बियांचे. मुलांनी येता-जाता तोडून खावे असे वाटत असेल, तर चेरी. घरात जे खाल्ले जात नाही, त्याचे बीही पुढच्या वर्षी कुणी धरत नाही.

५. मग कोणते लावावे?

चेरी प्रकारचे लहान लाल टोमॅटो. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी. मोठ्या फळांच्या मानाने ते उकाड्यात जास्त फळ धरतात आणि कुंडीतही येतात. फक्त बी सरळ वाणाचे आहे ना, ते पाहून घ्या, कारण बाजारातले बरेचसे चेरी टोमॅटो संकरित असतात.

पुसा रुबी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे हे वाण 'सू' या अमेरिकन वाणाच्या आणि 'इम्प्रूव्हड मेरुती'च्या संकरातून निवड करत स्थिर केलेले आहे. म्हणून त्याचे बी धरता येते. फळ मध्यम, चपटगोल, किंचित खाचांचे आणि आंबटसर. माझ्या आईच्या टोमॅटोची थोडीफार आठवण करून देणारे हेच.

अर्का विकास. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे. 'टिप टॉप' या अमेरिकन वाणातून निवडलेले. फळ साधारण ऐंशी-नव्वद ग्रॅमचे. पाण्याची थोडी ओढ सोसते, म्हणून विहीर लवकर आटणाऱ्या वाडीला बरे.

अर्का आभा आणि अर्का आलोक. ही दोन्ही बंगळुरूचीच, जिवाणूजन्य मर रोगाला तोंड देणारी. ज्यांच्या वाफ्यात झाडे उभ्या उभ्या कोमेजतात, त्यांनी हीच निवडावीत.

ही संस्थांनी काढलेली वाणे आहेत, अजून वारशाची नाहीत, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण तुम्ही दहा वर्षे आपल्याच वाफ्यातले बी धरले, तर तुमच्या नातवंडांसाठी ती वारशाचीच होतील. प्रत्येक वारसा कुणापासून तरी सुरू होतो.

आता परदेशी नावांविषयी. 'ब्रँडीवाइन' हा मोठा, गुलाबी, बटाट्यासारख्या पानांचा टोमॅटो चवीसाठी नावाजलेला आहे, पण पिकायला फार दिवस घेतो. 'चेरोकी पर्पल' हा जांभळट, गोडसर टोमॅटो. क्रेग लेहुलियर या बागप्रेमीला १९९० साली टेनेसी राज्यातून पत्राबरोबर त्याचे बी आले, आणि ते चेरोकी आदिवासींकडून पूर्वी मिळाल्याचे पत्रात लिहिले होते. 'सॅन मार्झानो' हा इटलीच्या कँपानिया भागातला लांबट टोमॅटो सॉससाठी प्रसिद्ध आहे. पाणी कमी-जास्त झाले की त्याची टोके खालून काळी पडतात. हौस म्हणून यांतले एखादे जरूर लावा. माझा हिशेब असा: सहा रोपांत पाच खात्रीची, एक हौसेचे. हौसेचे फसले तरी सारापुरते टोमॅटो घरात येतात.

६. वेळेचे गणित

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये बी टाका. रोप चार-पाच आठवड्यांचे झाले की ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लागवड करा. सर्व मृतांच्या दिवसाच्या, म्हणजे २ नोव्हेंबरच्या आत लागवड उरकली, तर नाताळात पहिली फळे दिसतात आणि उपवासकाळात भरपूर तोडता येते. रोप लावताना खोडाचा खालचा भाग मातीत खोल जाऊ द्या, त्या भागालाही मुळे फुटतात. वेलासारखे वाढणारे वाण असेल, तर सुरुवातीलाच काठी किंवा तार द्या. पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको. पाने वरच्या बाजूला चुरगळून झाड बुटके राहिले, तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा बोकड्या रोग. असे झाड लगेच उपटा, आणि त्याचे बी तर कधीच धरू नका.

७. बी कसे धरावे?

खरा पाठ इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

झाड निवडा, फळ नंतर. एकाच मोठ्या फळाकडे बघून मोहात पडू नका. शेवटपर्यंत निरोगी राहिलेले, भरपूर आणि चवदार फळ देणारे झाड पाहा आणि त्याला रंगीत चिंधी बांधा. शक्य असेल तर अशा तीन-चार झाडांचे बी एकत्र धरा. घरातल्या सर्वांना सांगून ठेवा, नाहीतर चिंधीचे फळ कुणीतरी कालवणात घालते!

वाणे मिसळू देऊ नका. दोन वाणांत तीन-चार मीटर अंतर असले, तर घरगुती कामाला सहसा पुरते. बटाट्यासारख्या पानांच्या काही जुन्या वाणांत स्त्रीकेसर बाहेर डोकावतो, तिथे मिसळ होऊ शकते. अशा वेळी फुले उमलण्याआधी घोसाला पातळ मलमलीची पिशवी बांधा आणि फळ धरले की काढा.

आंबवा. फळ पूर्ण पिकले की कापून बी गरासकट काचेच्या पेल्यात काढा आणि थोडे पाणी घाला. बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो, तो जायला हवा. आपल्या हवेत दोन दिवस पुरतात. वर साय धरली, वास आला की समजा झाले. जास्त ठेवले, तर पेल्यातच मोड येतात.

धुवा आणि वाळवा. भरपूर पाणी घालून ढवळा. चांगले बी तळाशी बसते, पोकळ बी आणि गर वर येतो, तो ओतून टाका. स्वच्छ बी चिनी मातीच्या बशीत पसरून सावलीत आठवडाभर वाळवा. कागदावर ठेवले तर चिकटते. कडक उन्हात ठेवू नका.

ठेवा आणि लिहा. कागदी पाकिटावर वाणाचे नाव, वर्ष आणि कुणाकडून मिळाले ते लिहा. पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि तळाशी भाजून गार केलेले मूठभर तांदूळ घाला, म्हणजे ओल शोषली जाईल. नीट ठेवले तर बी चार-पाच वर्षे टिकते. तरी दरवर्षी सगळे बी पेरू नका. एक पाकीट मागे ठेवा आणि एक शेजारी द्या. माझ्या आईची बरणी रिकामी झाली तेव्हा तिचे बी दुसऱ्या एखाद्या घरी असते, तर आज मी हे लिहीत नसतो.

कायद्याची भीती बाळगू नका. आपल्या देशाच्या २००१ सालच्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखे ब्रँड लावून विकता येत नाही.

८. परदेशातल्या पाकिटाविषयी

आपल्या घराघरांतले कुणी ना कुणी आखातात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात आहे. सुट्टीवर येताना ती मंडळी प्रेमाने बियांची पाकिटे आणतात. हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २००३ सालच्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशातून बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. हा नियम उगाच नाही. टोमॅटोच्या फळावर तपकिरी सुरकुत्या आणणारा एक विषाणू २०१४-१५च्या सुमारास इस्राएल आणि जॉर्डनमध्ये आढळला आणि काही वर्षांत अनेक देशांत पसरला. तो बियांबरोबर प्रवास करतो. आपल्या एका पाकिटापायी शेजाऱ्याची वाडी बसू नये.

९. शोध घेऊ या

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घरोघरी फिरून गावठी वाणांचे बी गोळा केले आणि घरात बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी जे जमवले ते म्हाताऱ्या बायकांच्या मडक्यांतून आणि गाडग्यांतून आले होते.

आपल्या धर्मग्रामातही सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या आया आहेत. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या डब्यात एखादी पुरचुंडी असेल. विहिरीच्या कडेला आपोआप उगवणारा एखादा खाचांचा टोमॅटो असेल, ज्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही. घरी विचारा. वाडी विकली जाण्याआधी, त्या जागी इमारत उभी राहण्याआधी विचारा. मी माझ्या आईला फार उशिरा विचारले. ती म्हणाली, "अरे, मला वाटलं तुझंच चांगलं." त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये एक टेबल मांडून ठेवीन. ज्यांच्याकडे घरचे बी असेल, मग ते टोमॅटोचे असो, वालाचे असो की दुधीचे, त्यांनी चिमूटभर घेऊन यावे. नाव माहीत नसेल तर 'आजीचा' एवढेच लिहा. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांनी रिकामे पाकीट घेऊन यावे.

घरी आणि वाडीच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या घरी पूर्वी कोणत्या भाज्यांचे बी धरले जायचे? ते कधी आणि का थांबले?
२. यंदा आपण जे वाण लावणार आहोत, त्याचे बी पुढच्या वर्षी धरता येईल का? पाकीट वाचून पाहा.
३. आपल्या घरी बी धरण्याचे काम कुणाचे? ते काम मुलांपैकी कुणाला शिकवता येईल?
४. आपल्याकडचे कोणते बी यंदा शेजारी देता येईल?

वाफे तयार करा. टेबलापाशी भेटू या.

तुमचा,
फादर